शाहूपुरी ते पंचगंगा, शेणींच्या टेम्पोतून

मिरजेला महालक्ष्मी एक्सप्रेसचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात. मुंबईपासून रात्रभर ज्या दिशेकडं तोंड करून आपण आलेलो असतो, तिच्याकडं पाठ करून पुढचा प्रवास होतो. तेवढ्या वेळात निम्मा डबा खाली उतरून चहा पिऊन येतो. 2022 च्या मार्चमधली, होळीच्या दिवसाची ही सकाळ. एसटीचा संप दिवाळीपासून मिटला नव्हता, त्यामुळं एरवी रात्रीच्या एसटीनं येणारी मंडळीही रेल्वेत कोंबली होती. समोरच्या बाकावर गडहिंग्लजकडचं एक जोडपं होतं. कोल्हापुरातून पुढं वडाप मिळेल की नाही, याची त्यांना काळजी. पुरणाची डाळ घरी भिजत घातली असेल की नाही, याची बाईंना वेगळी काळजी.

जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत गाडी पंचगंगेच्या पुलावर आली. मार्चातली पंचगंगा काठांच्या खोल तळाशी असते, कडेकडेनं जलपर्णी. आदल्या जुलैत हीच नदी या पुलाशी येऊन ठेपली म्हणून रेल्वे बंद ठेवली होती. तिकडं शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, म्हणून पुणे-बंगळूर रस्ताही बंद. कोल्हापुरात शिरायला वाट नव्हती, आणि नेमके त्याच दिवसांत माझे आजोबा, आबा, गेले. वय 86. शाहूपुरीच्या घरात पाणी येणार म्हणून काकांनी त्यांना राजारामपुरीत, उंचावर, नातेवाइकांकडं नेलं होतं. तिथं झोपेतच गेले. मी ठाण्यात फोन कानाला लावून बसले होते.

पंचगंगेची स्मशानभूमी पाण्याखाली होती. आबांना कदमवाडीला न्यावं लागलं. ज्या माणसानं होळीच्या होळीला पंचगंगेच्या स्मशानात शेणी पोचवल्या, त्याला शेवटी तिथं जागा मिळाली नाही, असं जो तो फोनवर हळहळत होता. काका तेवढे म्हणाले, "शेणी तिथल्याच हुत्या. पाणी चढायच्या आधी पोरांनी हलवल्या."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला इथं थोडं सांगायला हवं. कोल्हापूर महापालिकेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्काराला पैसे पडत नाहीत. सरणाच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, आणि लाकूड महापालिका देते, आणि लोक त्यात आपापल्या परीनं भर घालतात. कुणी वाढदिवसाला शेणी देतं, कुणी वडिलांच्या पुण्यतिथीला, कुठली तालीम, कुठलं तरुण मंडळ होळीला. घरात माणूस गेल्यावर नातेवाइकांना वखार हुडकत फिरावं लागत नाही, खिसा चाचपावा लागत नाही. बंगल्यातला असो की पालातला, सरण तेच. या व्यवस्थेचं कौतुक वर्तमानपत्रात अधूनमधून येतं. ती चालते कशी हे मात्र क्वचितच कुणी लिहितं, कारण ती चालते टेम्पो, हमाली आणि डोकं खाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जोरावर. त्यांतला एक म्हातारा आमचा होता.

पूल ओलांडला की वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून परागंदा झालेल्या सुमारे 5000 निर्वासितांची छावणी 1943 ते 1948 इथं होती. आबा भुदरगडातल्या खेड्यातून शिकायला कोल्हापुरात आले तेव्हा ती उठायच्या बेतात होती. बाजारात गोऱ्या बायका पिशवी घेऊन भाजी निवडताना त्यांनी पाहिल्या होत्या. "आपला देश सोडून आलेली माणसं, पर भाव करायला शिकलीवती," एवढंच ते सांगत. त्यानंतर येतं गूळ मार्केट हे स्टेशन. स्टेशनला गुळाचं नाव देणारं दुसरं गाव मला माहीत नाही. आणि मग शेवटचं, छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. पुढं रूळ नाहीत.

स्टेशनातून बाहेर पडलं की आपण शाहूपुरीतच असतो. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि चार वर्षांनी, 1895 मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनला लागून ही व्यापारी पेठ वसवली. गादीवर येऊन त्यांना एकच वर्ष झालं होतं, वय एकवीस. जुन्या कोल्हापुरातल्या पेठांचे रस्ते वळत, अडखळत जातात. शाहूपुरीच्या गल्ल्या आखून काढलेल्या, पहिली, दुसरी, तिसरी अशा नंबरांच्या. पत्ता सांगताना अजूनही माणसं आधी गल्लीचा नंबर सांगतात. गुऱ्हाळांतून आलेले गुळाचे रवे इथं उतरायचे, सौदे व्हायचे आणि रेल्वेनं माल बाहेर जायचा. पुढं सौदे मार्केट यार्डात गेले, पण पेठेतल्या जुन्या दुकानांच्या फळ्यांना काही ठिकाणी अजून गोडसर, आंबूस वास आहे. मला तो येतो. काकांच्या मते तो माझ्या डोक्यात आहे.

आबा याच पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. कीर्द लिहायची, खतावणी करायची, हमालांचा आणि तोलाईचा हिशेब ठेवायचा. अक्षर मोडीचं वळण लागलेलं, टपोरं. तीसपस्तीस वर्षं दुसऱ्याच्या लाखांचा हिशेब लिहून झाल्यावर संध्याकाळी सायकल काढून ते ज्या कामाला जात, त्याला घरात नाव नव्हतं. आजी म्हणायची, "ह्यांचं ते."

त्या 'त्यात' काय काय यायचं? सीपीआर या सरकारी इस्पितळात खेड्यातून आलेल्या पेशंटचा केसपेपर काढून देणं. वारस नसलेल्या मयताला खांदा देणं. रक्ताची गरज पडली की तालमीतली पोरं उठवणं. आणि पूर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याची पातळी लोक तापमानासारखी विचारतात: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. शाहूपुरीला नदीचं पाणी समोरून येत नाही, जयंती नाल्यातून मागच्या दारानं येतं. नाला तुंबतो, व्हीनस कॉर्नर बुडतो आणि कुंभार गल्लीत पाणी शिरतं. तेही जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे कुंभारांच्या घरात गणपती रंगायला रांगेत उभे असतात तेव्हा. 1989, 2005, 2019, 2021 ही सालं कुंभार गल्लीत कुणालाही विचारा. मुलांच्या जन्मसालांपेक्षा पक्की पाठ आहेत.

2019 चा पूर मी पाहिला होता. पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. आबा तेव्हा चौऱ्याऐंशीचे. स्वतःला उचलवत नव्हतं, म्हणून एका दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते आणि ओरडत होते. "मोठ्या मूर्ती आधी न्हाई, ओल्या आधी! ज्येचा रंग व्हायचाय त्येला वर घ्या!" कारण साधं होतं. रंग दिलेली मूर्ती थोडं पाणी सोसते, कच्ची शाडूची मूर्ती तळातून विरघळते आणि कुंभाराचा सगळा हंगाम जातो. हे ज्ञान कुठल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तकात नाही. चार पूर बघितलेल्या माणसाच्या डोक्यात असतं. जीवनमुक्ती सेवा संस्थेच्या व्हाईट आर्मीची पांढऱ्या वेशातली पोरं तेव्हा बोटीतून माणसं काढत होती, आणि आमचा म्हातारा गणपती काढत होता. त्यावर कुणीतरी विनोदही केला होता. आबांना तो आवडला नाही. "माणसं काढायला लई जणं हाईत. मूर्ती बुडाली तर ती माणसं वरीसभर खातील काय?"

घरी पोचले. काकींनी दारातच पायावर पाणी घातलं. "लई वाळलीस गं. बस, मी च्या आणतो." आमच्याकडच्या बायका 'मी आणतो, मी जातो' म्हणतात, मुंबईत इतकी वर्षं काढूनही फोनवर काकींशी बोलताना माझं क्रियापद आपोआप वळतं. स्वयंपाकघरात पुरण वाटण्याची घाई चालली होती. भिंतीवर, जमिनीपासून माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, पाण्याची तपकिरी रेघ. वर नवा रंग दिलेला, पण रेघेपाशी तो थांबवला होता. मुद्दाम, की रंग संपला म्हणून, मी विचारलं नाही.

बाहेर गल्लीच्या तोंडाशी आबांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजून टांगलेला होता. वर्षाचे बारा महिने कोल्हापुरात कुणाचा ना कुणाचा फ्लेक्स असतो. त्या आठवड्यात तर कोल्हापूर उत्तर विधानसभेची पोटनिवडणूक जाहीर झाली होती, त्यामुळं चौकाचौकांत हात जोडलेले चेहरे. त्यांच्या आडून आबांचा कोपरा दिसत होता: "प्रेमळ, मनमिळाऊ, थोर समाजसेवक." मला हसू आलं. आबा प्रेमळ होते, हे खरं. मनमिळाऊ अजिबात नव्हते. मंडळाचा अध्यक्ष शेणी मोजताना चुकला तर चारचौघांत त्याची हजेरी घेत. फोटोला उभे राहत नसत. आजीच्या बहिणीचं लग्न त्यांनी एका बेवारस मयतासाठी चुकवलं, आणि आजीनं ते त्यांना मरेपर्यंत ऐकवलं. आजीची बाजू मला पटते. गावासाठी राबणाऱ्याच्या घरात दुसरं कुणीतरी राबत असतं, आणि त्याच्या नावाचा फ्लेक्स लागत नाही. फ्लेक्सवाल्यांनी नेहमीचे साचे ठेवलेत, त्यांत माणूस बसवायचा एवढंच काम. आबा त्यात बसत नव्हते.

दुपारपर्यंत वेळ होता. काकांनी कपाटातून लाल कापडात बांधलेल्या वह्या काढल्या. "तू लिहितीस न्हवं? बघ तरी."

मला वाटलं दुकानाच्या जुन्या कीर्दी असतील. या शेणींच्या होत्या. दिवाणजीच्या पद्धतीनं डावीकडं जमा, उजवीकडं नावे. जमेच्या बाजूला कोण, कुठली गल्ली, किती शेणी, कोरड्या की दमट. 'दमट' समोर तांबडी खूण. गवळ्यांची नावं, तालमींची नावं, नावं न सांगणाऱ्यांपुढं 'एक बाई, हिरवं लुगडं', 'रिक्षावाला, स्टेशन'. 'पोरांनी गल्लीत दारोदार हिंडून'. कुणी टेम्पो फुकट दिला ते. कुणी डिझेल घातलं ते. स्वतः आबांनी दिलेलं कुठंच नाही.

नावेच्या बाजूला प्रत्येक वर्षी एकच ओळ: 'बोर्डिंग, जेवण. बाकी मागील पानावरून.' रक्कम नाही, नुसती रेघ.

आबांचं शिक्षण प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंगमध्ये झालं. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव 1918 मध्ये शिकारीत अपघातानं गेले. त्यांच्या नावानं 1920 मध्ये हे वसतिगृह निघालं. महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं काढत नेली, काढायला लावली. आबांच्या घरची जमीन अर्धा एकर, तीही वरकस. बोर्डिंग नसतं तर ते गुरांमागं राहिले असते. तिथं ते जेवले, शिकले, मॅट्रिक झाले. ते जेवण त्यांनी फुकट म्हणून कधी धरलं नाही, उधारी म्हणून धरलं. आणि दिवाणजी माणूस, उधारी वहीत लिहिल्याशिवाय राहील कसा?

दरवर्षी फेडूनही बाकी कशी काय राहिली, असं मी काकांना विचारलं.

"त्येनी फेडलं कुठं? त्येनी दुसऱ्याचं जमा केलं. नीट बघ की," काका म्हणाले. मी पुन्हा पाहिलं. खरंच होतं.

चारच्या सुमाराला छोटा हत्ती टेम्पो गल्लीत आला. होळी पेटायच्या आत शेणी पोचवायच्या, हा आबांचा शिरस्ता. अंधश्रद्धा निर्मूलनवाले होळी लहान करा, पोळी दान करा असं सांगत आले आहेत. आमच्या गल्लीनं त्यात आपली भर घातली: होळी पाच शेणींची, बाकीच्या स्मशानात. हौदा निम्मा आधीच भरलेला होता, गवळी गल्लीकडून. कोल्हापुरात म्हशी आहेत म्हणून दूध आहे, आणि दूध आहे म्हणून शेणी आहेत. उन्हाळा लागला की खेड्यापाड्यांत बायका शेणी थापून हुडवे रचतात, पावसाळ्याची बेगमी म्हणून. हुडव्यांतून काढलेल्या शेणी सगळ्यांत चांगल्या. आतून खणखणीत वाजतात. आबा घेताना दोन शेणी एकमेकींवर आपटून बघत. ओल्या निघाल्या तर परत. एकदा एका पुढाऱ्यानं वाढदिवसाला वाजतगाजत दिलेली गाडी त्यांनी फिरवून पाठवली होती. "ओली शेणी धूर करती नुसता. घरच्यांचं डोळं आधीच लाल झालेलं असत्यात. त्यात आणि धूर कशाला?"

मी टेम्पोत चढायला लागले तशी शेजारच्या काकूंच्या भुवया वर गेल्या. बायामाणसं स्मशानात जात नाहीत. काकी म्हणाल्या, "जाऊ द्या की. आबा असतं तर त्येनीच न्हेलं असतं." आणि मग पदर खोचून, "थांब, मी बी येतो." काका बघतच राहिले. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून तीसेक होळ्या काकींनी पुरण वाटत काढल्या होत्या. पुढं ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी, मागं शेणींवर काका आणि तालमीतली पोरं.

व्हीनस कॉर्नर, मग जयंती नाल्याचा पूल. मार्चात तो नाला बघून खरं वाटत नाही की दरवर्षी हाच शाहूपुरीला घाबरवतो. काळं, संथ, नाकाला पदर लावायला लावणारं पाणी. पूल ओलांडला की दसरा चौक. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा आणि आजूबाजूला त्यांच्याच काळात जागा मिळालेली बोर्डिंगं. ड्रायव्हरनं पुतळ्यापाशी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावला, जसा अंबाबाईच्या कमानीपाशी लावतात. मे महिन्यात महाराजांच्या निधनाला 100 वर्षं होणार होती, त्याची तयारी चालल्याचं तो सांगत होता.

इथून डावीकडं आत गेलं की बिंदू चौक. तिकडं आमचा रस्ता नव्हता, पण आबांची एक गोष्ट त्या चौकाला बांधलेली आहे. 9 डिसेंबर 1950 ला भाई माधवराव बागलांनी तिथं महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसवले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. आबा पंधरा वर्षांचे, बोर्डिंगमधून पोरांच्या घोळक्यात चालत गेलेले. बागल चित्रकार होते, सत्यशोधकांच्या घरातले. त्यांचे वडील खंडेराव 'हंटर' हे पत्र काढायचे. त्या दिवशी कोण काय बोललं ते आबांना आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की गर्दीत एक म्हातारा पुतळ्याच्या पायथ्याशी पडलेला चुना आणि मातीचे गोळे पायानं बाजूला सारत होता, कुणी सांगितलं नसताना. सभा संपेपर्यंत त्यानं तेवढंच केलं. आबा म्हणायचे, त्या सगळ्या गर्दीत मला व्हायला जमेल असा माणूस तो एकच दिसला.

सीपीआरपाशी गर्दी होती. एसटी नसल्यामुळं पेशंटचे नातेवाईक मिळेल त्या वाहनाला हात करत होते. आमच्या टेम्पोलाही एकानं हात केला आणि मागं शेणी बघून ओशाळला. "कुठं जायचंय?" ड्रायव्हरनं विचारलं. "शिवाजी पुलाच्या पल्याड." "मग बसा की. तिकडंच चाललोय." तो माणूस मागं पोरांच्यात जाऊन बसला. हॉस्पिटलमधून निघून शेणींच्या गाडीत बसायला मन घट्ट लागतं. कोविडच्या दोन वर्षांनी इथल्या माणसांची अशी भीती बरीच कमी केली असावी. त्या काळात या गावात बैतुलमाल कमिटीचे मुस्लिम कार्यकर्ते हिंदू मयतांनाही अग्नी देत होते, आणि तालमीतली पोरं दफनाच्या खड्ड्यापाशी उभी राहत होती. आबांना तेव्हा घराबाहेर पडू दिलं नव्हतं. त्यांनी त्या रागानं आठवडाभर काकांशी बोलणं टाकलं.

तोरस्कर चौकातून उतार लागतो आणि नदीचा वास येतो. स्मशानभूमीत शिरताना काकींनी माझा हात धरला, आणि मग सोडला.

मला काय अपेक्षा होती कोण जाणे. आत एक मोठी, कामाची जागा होती. शेड, दाहिन्या, एका बाजूला लाकडांची थप्पी, दुसरीकडं शेणींचे ढीग. दोन सरणं धगधगत होती, एक विझत आलं होतं. कडेला एका घरची माणसं दुसऱ्या दिवसाची वेळ ठरवत होती. कोल्हापूरकडं रक्षाविसर्जन हा मोठा कार्यक्रम असतो, त्याच्या वेळा वर्तमानपत्रात छापून येतात. त्यातही एक चाल इथं रुजली आहे: रक्षा नदीत न सोडता शेतात टाकायची, झाडाच्या बुंध्यात घालायची. आबांची रक्षा भुदरगडातल्या त्या अर्ध्या एकरात गेली.

पोरांनी साखळी केली. एक हौद्यातून देतो, दुसरा घेतो, तिसरा ढिगावर लावतो. सीपीआरपासून बसलेला तो माणूसही साखळीत उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नाही. मी आणि काकीही लागलो. शेणी हलकी असते, पण पन्नासएक झाल्यावर तळहात सोलतात आणि नाकात भुसा जातो. स्मशानातल्या कर्मचाऱ्यानं मधेच येऊन दोन शेणी उचलल्या, एकमेकींवर आपटल्या आणि मान हलवली. मी बघतच राहिले. "आबांनी लावलेली सवय," तो म्हणाला. "आता आम्हीबी तपासल्याबिगर घेत न्हाई. तुम्ही नात काय? त्यांचं तोंड लई वंगाळ हुतं बघा." आबांविषयी त्या आठ महिन्यांत ऐकलेली ही सगळ्यांत खरी श्रद्धांजली.

काम उरकल्यावर आम्ही घाटाकडं थोडं चालत गेलो. देवळं, छत्र्या, दीपमाळा. पायऱ्यांवर पोरं पोहायला आलेली. 1899 च्या कार्तिकात इथंच शाहू महाराज स्नानाला येत असताना भटजी त्यांच्यासाठी वेदोक्त न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणतात, ही गोष्ट पुढं आली आणि वेदोक्ताचा तंटा सुरू झाला. महाराष्ट्राच्या राजकारणाला त्यानं वळण दिलं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. 26 जुलै 1902 च्या हुकुमानं महाराजांनी नोकऱ्यांतल्या 50 टक्के जागा मागास वर्गांसाठी राखल्या, तेही असतं. आबांना या प्रकरणातला मंत्रांचा वाद फारसा रुचत नसे. कुठला मंत्र म्हटला यानं भूक भागत नाही, महाराजांनी बोर्डिंगं काढली ती खरी, असं त्यांचं मत. इतिहासाच्या प्राध्यापकांना ते पटणार नाही. एकातून दुसरं निघालं, असं तेही म्हणतील आणि मीही म्हणेन. पण बोर्डिंगात जेवलेल्या माणसाशी हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो. म्हशी समोर उभ्या असतात, धार काढून ग्लास हातात देतात, फेसासकट. शेणी उतरवून झाल्या की पोरांना इथं एकेक ग्लास पाजायचा, एवढा एकच खर्च आबा स्वतःच्या खिशातून करत आणि वहीत लिहीत नसत. या वेळी पैसे देण्यावरून काका आणि मी भांडलो. शेवटी काकींनी कमरेची पिशवी सोडली आणि सगळ्यांचे दिले. "तुमच्या आबांनी मला एकदाबी हितं आणलं न्हाई," त्या ओठावरचा फेस पुसत म्हणाल्या. "आता दरवर्षी येतो मी." आणि त्या पुढच्या होळीलाही गेल्या, त्याच्या पुढच्याही. मला फोनवर शेणींचा आकडा सांगतात. वहीत आता त्यांचं अक्षर आहे, गोल, शाळकरी. जमेच्या बाजूला पहिल्यांदा आमच्या घरचं नाव लागलं आहे, काकींचं.

संध्याकाळी गल्लीतली होळी पेटली ती पाच शेणींची, गुडघ्याएवढी. पोरांना बोंब मारायला तेवढी पुरते. दुसऱ्या दिवशी धुळवड, म्हणजे कोल्हापुरात घरोघर मटण. त्याबद्दल लिहीत बसले तर हा लेख संपायचा नाही.

तुम्ही कोल्हापुरात किंवा आसपास राहत असाल, तर एवढं करा. मंडळाची होळी लहान करा आणि उरलेल्या शेणी जवळच्या स्मशानभूमीत पोचवा. पंचगंगेला नेत असाल तर त्या उन्हाळ्यातच न्या. पावसाळ्यात नदी कधी आत येईल सांगता येत नाही, मग कदमवाडी, कसबा बावडा आणि बापट कॅम्पवर सगळा भार पडतो. टेम्पो मिळत नसेल तर कुठल्याही तालमीत विचारा, कुणीतरी देतंच. फक्त निघण्याआधी दोन शेणी एकमेकींवर आपटून बघा. ओल्या असल्या तर आणखी चार दिवस उन्हात टाका.